लाल विंचू, प्राझोसिन आणि पबमेड: वैद्यकीय संदर्भ शोधताना काय निसटतं आणि का

वैद्यकीय लेखांच्या नोंदी शोधायच्या 'पबमेड' या संकेतस्थळाच्या खोक्यात चार शब्द टाकून एंटर दाबलं की काही ना काही समोर येतंच, आणि घोळ तिथेच होतो. भरलेली यादी पाहून शोध जमला असं वाटतं. यादीत जे आलंच नाही ते दिसत नाही, त्यामुळे ते राहून गेल्याचं कळतही नाही. एमडीचा प्रबंध असो, ग्रामीण रुग्णालयातल्या उपचारपद्धतीचा आढावा असो की एखाद्या औषधाच्या मात्रेची खातरजमा, नुकसान करतं ते हे निसटलेलंच. म्हणून इथे भर आहे तो काय राहून जातंय हे ओळखण्यावर.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवू: कोकणातल्या लाल विंचवाचा दंश. या विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि काही रुग्णांच्या फुफ्फुसांत पाणी साचतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावरची निरीक्षणं 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये मांडली. 1986 साली त्याच नियतकालिकात प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाच्या वापराबद्दल लिहिलं. पुढे 2011 साली 'बीएमजे'मध्ये 70 रुग्णांवरची चाचणी छापून आली: एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. आपला प्रश्न तोच. प्राझोसिन एकटं द्यावं की प्रतिविषाच्या जोडीनं, यावर आजवर काय काय छापलं गेलंय? विषय लहान आहे, पण शोधाच्या वाटेवरचे बहुतेक सगळे खड्डे याच वाटेवर आहेत.

एक सूचना आधीच: या लेखात शोधाचे शब्द आणि खुणा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची; कंस, अवतरणचिन्हं, स्टार मात्र दाखवलेत तसेच.

खोक्यामागे काय आहे

पबमेड हा अमेरिकेत बेथेस्डा इथे असलेल्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा मोफत डेटाबेस आहे. 1879 पासून निघणाऱ्या 'इंडेक्स मेडिकस' या छापील सूचीचा हा वंशज. ती सूची 2004 साली थांबली. पबमेड 1996 सालापासून आहे. आज त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत.

'नोंदी' हा शब्द इथे महत्त्वाचा. पबमेड पूर्ण लेख वाचत नाही. शीर्षक, सारांश, लेखक, त्यांच्या संस्था, नियतकालिक, लेखकांनी दिलेले कीवर्ड आणि ग्रंथालयाने लावलेल्या विषयसंज्ञा, एवढ्यातच ते शोधतं. प्राझोसिनची मात्रा लेखाच्या चौथ्या पानावरच्या तक्त्यात असेल, पण शीर्षकात, सारांशात किंवा संज्ञांत प्राझोसिन नसेल, तर तो लेख तुमच्या हाती लागणार नाही. त्यातून 1975 पूर्वीच्या नोंदींना सहसा सारांशच नसतो. त्यानंतरच्याही संपादकांना लिहिलेल्या पत्रांना आणि छोट्या टिपणांना बहुधा नसतो. विंचूदंशावरचं बरंचसं जुनं भारतीय लेखन याच प्रकारचं आहे. अशा लेखांसाठी हाताशी उरतं ते फक्त शीर्षक आणि विषयसंज्ञा.

तुम्ही काय लिहिलं आणि पबमेडला काय कळलं

तुम्ही लिहिलेलं पबमेड जसंच्या तसं शोधत नाही. 'स्कॉर्पिअन स्टिंग प्राझोसिन' असं नुसतं लिहिलंत तर ते शब्द आधी विषयसंज्ञांच्या तक्त्याशी ताडले जातात, मग नियतकालिकांच्या नावांशी, मग लेखकांच्या नावांशी. जुळलं की पबमेड तुमच्या वतीनं भर घालतं: अधिकृत विषयसंज्ञा, एकवचन-अनेकवचन, ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंग. बऱ्याचदा ही मदत चांगलीच असते. कधीकधी मात्र तुमच्या मनात नसलेल्या अर्थाशी शब्द जोडला जातो आणि यादी उगाच फुगते.

ते तपासायची जागा ठरलेली आहे. खोक्याखालच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' वर जा. पानाच्या खालच्या भागात आतापर्यंतच्या शोधांचा इतिहास दिसतो. प्रत्येक ओळीत 'डिटेल्स'खालचा छोटा बाण दाबला की तुमच्या चार शब्दांचं यंत्राने केलेलं लांबलचक वाक्य उघडतं. ते वाचायचं. एवढी एक सवय लागली तरी निम्म्या चुका कमी होतात, आणि नेमकी हीच सवय फार थोड्यांना असते.

शब्द अवतरणचिन्हांत घातला, त्याला स्टार लावला किंवा चौकोनी कंसात खूण जोडली की ही आपोआप होणारी भर बंद पडते. 'पल्मनरी एडिमा' हा शब्दगट नुसता लिहिला तर ब्रिटिश स्पेलिंगची काळजी पबमेड घेतं. तोच अवतरणात टाकलात की 'ओ' ने सुरू होणारं ब्रिटिश 'ओएडिमा' असलेले लेख गेले. भारतीय लेखांत तेच स्पेलिंग भरपूर असतं. त्यामुळे अवतरणचिन्हं लावली की शोध अचूक झाला, ही समजूत सोडलेली बरी. अवतरणचिन्हांनी शोध फक्त अरुंद होतो.

अँड, ऑर, नॉट

हे तीन शब्द कॅपिटल अक्षरांतच लिहा. आणि लक्षात ठेवा, पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं. गणितातल्यासारखा आधी गुणाकार मग बेरीज असा नियम तिथे नाही. 'स्कॉर्पिअन अँड प्राझोसिन ऑर अँटिव्हेनम' असं लिहिलंत तर आधी विंचू आणि प्राझोसिन एकत्र होतात, मग त्यात जगभरातलं प्रतिविषावरचं सगळं लेखन येऊन पडतं: नाग, घोणस, ऑस्ट्रेलियातले कोळी, सगळं. हवं ते असं लिहायचं:

स्कॉर्पिअन अँड (प्राझोसिन ऑर अँटिव्हेनम)

समानार्थी शब्द कंसात, त्यांच्यामध्ये ऑर. वेगवेगळ्या कल्पना कंसाबाहेर, त्यांच्यामध्ये अँड. कल्पना जितक्या कमी तितकं चांगलं. रुग्ण, उपचार, तुलना, परिणाम अशी प्रश्नाची चौकट वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवली जाते आणि प्रश्न नीट मांडायला ती उत्तम आहे. पण चारही गोष्टी अँडने जोडून शोधात घालू नयेत. मृत्यू, बरं होण्याचा वेळ, फुफ्फुसातलं पाणी हे परिणाम लेखात मोजलेले असले तरी सारांशात आलेले असतीलच असं नाही. परिणामाचा शब्द अँडने जोडला की कामाचे लेख गळतात. आपल्या प्रश्नात दोनच कल्पना पुरतात: विंचूदंश आणि प्राझोसिन. प्राझोसिन आणि प्रतिविष यांची तुलना करणाऱ्या लेखात प्राझोसिन हा शब्द येणारच, म्हणून प्रतिविषाची तिसरी अट घालायची गरज नाही.

नॉट तर शक्यतो वापरूच नका. 'नॉट चाइल्ड' लिहिलं की फक्त मुलांवरचे लेख जात नाहीत, मुलं आणि मोठी माणसं दोन्ही असलेले लेखही जातात. 'नॉट स्नेक' लिहिलं की साप-विंचू दोन्हींवरचा ग्रामीण रुग्णालयातला आढावा गेला. एक अपवाद चालतो: प्राण्यांवरचे प्रयोग वगळायचे असतील तर 'नॉट (अ‍ॅनिमल्स[एमएच] नॉट ह्यूमन्स[एमएच])' अशी दुहेरी रचना ('एमएच' ही विषयसंज्ञेची खूण). तिच्यामुळे जिथे फक्त प्राण्यांची संज्ञा लागली आहे तेच लेख जातात. माणसं आणि प्राणी दोन्ही असलेले राहतात, आणि अजून संज्ञाच न लागलेले नवे लेखही राहतात.

मेश: ग्रंथालयाने लावलेली चिठ्ठी

'मेश' म्हणजे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा विषयसंज्ञांचा कोश. 1960 पासून चालू आहे आणि आज त्यात सुमारे 30 हजार मुख्य संज्ञा आहेत. लेखकाने काहीही शब्द वापरला तरी ग्रंथालय त्या लेखावर ठरलेली संज्ञा चिकटवतं. एकाने 'स्टिंग' लिहिलं, दुसऱ्याने 'एन्व्हेनोमेशन', तिसऱ्याने 'बाइट' (आपण मराठीत विंचू 'चावला' म्हणतोच, काही भारतीय लेखांतही तसंच उतरलेलं दिसतं), तरी तिघांवरही 'स्कॉर्पिअन स्टिंग्ज' हीच चिठ्ठी लागायला हवी. औषधांच्या बाबतीत हे फार उपयोगी. आपण पॅरासिटामॉल म्हणतो, मेशमध्ये ते अ‍ॅसिटअमिनोफेन. आपलं अ‍ॅड्रिनलिन तिथे एपिनेफ्रिन. साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. प्रतिविषासाठी मेशचा शब्द 'अँटिव्हेनिन्स' आहे, आणि लेखांत बहुतेक जण 'अँटिव्हेनम' लिहितात.

संज्ञा झाडासारख्या रचलेल्या आहेत. 'बाइट्स अँड स्टिंग्ज' या फांदीखाली सर्पदंश, विंचूदंश, कोळ्याचा दंश अशा डहाळ्या. वरची संज्ञा घेतली की खालच्या सगळ्या आपोआप येतात. ते नको असेल तर खुणेत 'एमएच:नोएक्स्प' लिहायचं. लेखाचा मुख्य विषय तोच असावा असं हवं असेल तर 'एमएजेआर' ही खूण आहे, पण सखोल शोधात ती वापरू नका. मुख्य काय आणि दुय्यम काय हे चिठ्ठी लावणारा ठरवतो, तुम्ही नाही. उपसंज्ञाही जोडता येतात, उदाहरणार्थ 'स्कॉर्पिअन स्टिंग्ज/ड्रग थेरपी'. घाईच्या वेळी, पटकन दोन-चार चांगले लेख हवे असतील तर हे उत्तम चालतं.

मग नुसत्या मेशवर का भागत नाही? कारणं तीन. पबमेडमधली प्रत्येक नोंद मेशच्या कक्षेत येत नाही. काही नियतकालिकांचे लेख पबमेडमध्ये दिसतात पण त्यांना संज्ञा कधीच लागत नाहीत. दुसरं, नव्या लेखावर चिठ्ठी लागायला वेळ जाऊ शकतो. तिसरं, 2022 पासून हे काम मुख्यतः संगणकच करतो. वेग वाढला, पण चुकीची किंवा अपुरी चिठ्ठी लागण्याची शक्यता आहेच. शिवाय एखादी संज्ञा कोशात नंतर आली असेल तर तिच्या आधीचे लेख जुन्या, रुंद संज्ञेखाली पडून राहिलेले असू शकतात.

साधे शब्द: इथेच खरी मेहनत

म्हणून मेशच्या जोडीला शीर्षक-सारांशातले शब्द हवेत. त्याची खूण 'टीआयएबी'; तिच्यात लेखकांनी दिलेले कीवर्डही येतात.

आता लाल विंचवाकडे बघू. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात; या विंचवाच्या शास्त्रीय नावाचंही तेच झालंय. जुन्या लेखांत 'ब्युथस टॅम्युलस', नंतर 'मेसोब्युथस टॅम्युलस', अलीकडे 'हॉटेन्टोटा टॅम्युलस'. घर तीनदा बदललं, पण 'टॅम्युलस' हे नाव तसंच राहिलं. म्हणून तिन्ही नावं लिहीत बसण्यापेक्षा नुसतं 'टॅम्युलस[टीआयएबी]' लिहायचं. प्राणी-वनस्पतींच्या बाबतीत ही युक्ती नेहमी उपयोगी पडते: प्रजातीचं नाव सहसा टिकतं, वंशाचं (जीनसचं) बदलतं. याची किंमत एवढीच की याच विंचवाच्या विषातून इबेरिओटॉक्सिन नावाचं द्रव्य वेगळं केलेलं आहे आणि पेशींतल्या पोटॅशियम मार्गिकांवरच्या प्रयोगांत ते सर्रास वापरतात. असे प्रयोगशाळेतले लेखही मागोमाग येतात.

स्टारचं काम शब्दाचं शेपूट मोकळं सोडणं. 'स्कॉर्पिअन*' लिहिलं की स्कॉर्पिअन, स्कॉर्पिअन्स, स्कॉर्पिअनिझम सगळं येतं. स्टारच्या आधी किमान 4 अक्षरं हवीत. पण शेपूट मोकळं सोडलं की काय काय शिरतं तेही बघा: 'स्कॉर्पिअनफिश' हा विषारी काट्यांचा समुद्री मासा, ज्याच्या दंशावरचे लेख अगदी आपल्या विषयासारखेच दिसतात. आणि स्टार नसतानाही येणारा एक अनोळखी पाहुणा: 'स्कॉर्पिअन' नावाचे पीसीआर प्रायमर आहेत, कर्करोगातली जनुकीय बदलांची तपासणी त्यांनी करतात. विंचवाशी त्याचा संबंध नाव सोडून काही नाही. हा कचरा घाबरण्यासारखा नसतो. प्राझोसिनची अट जोडली की बहुतेक गळून जातो. नको ते लेख पाच मिनिटांत डोळ्यांनी बाजूला काढता येतात. जो लेख आलाच नाही तो काढायला डोळे उपयोगाचे नाहीत.

इंग्रजी क्रियापदांचा एक त्रास आहे. 'स्टिंग*' मध्ये स्टिंग, स्टिंग्ज, स्टिंगिंग येतात, पण भूतकाळी 'स्टंग' येत नाही. ते वेगळं लिहावं लागतं.

प्रतिविषाची अट आपल्या शोधात नसली तरी त्याचे शब्द उदाहरण म्हणून पाहण्यासारखे आहेत. 'अँटिव्हेन*' मध्ये अँटिव्हेनम, अँटिव्हेनिन आणि 'ईएनई' शेपटीचं जुनं अँटिव्हेनीन, सगळे सापडतात. पण मधे छोटी रेघ घालून 'अँटि-व्हेनम' लिहिलेलं असेल तर नाही. आणि महाराष्ट्रातल्या एका ग्रामीण रुग्णालयातून आलेल्या लेखाच्या शीर्षकात शब्द आहेत 'अँटि-स्कॉर्पिअन व्हेनम सीरम', सोबत त्याची आद्याक्षरं. म्हणजे आपल्याच भागातला, आपल्याच विंचवावरचा लेख 'अँटिव्हेन*' या शब्दाला सापडणार नाही. 'अँटिस्कॉर्पिअन', 'अँटि-स्कॉर्पिअन', 'अँटिसीरम' हे सगळं वेगवेगळं लिहायला हवं. असे शब्द सुचत कुठून? मिळालेल्या तीन-चार चांगल्या लेखांची शीर्षकं, सारांश, खालच्या मेश संज्ञा आणि लेखकांचे कीवर्ड वाचून. मग शब्द वाढवायचे, पुन्हा शोधायचं. दोन-तीन फेऱ्या लागतातच.

शब्दांमधलं अंतर

'स्कॉर्पिअन स्टिंग' अवतरणात शोधलं तर 'स्टिंग बाय अ रेड स्कॉर्पिअन' सापडत नाही. नुसतं अँडने जोडलं तर सारांशाच्या दोन टोकांना असलेले शब्दही जुळतात. मधला मार्ग पबमेडने 2022 च्या अखेरीस दिला:

"स्कॉर्पिअन स्टिंग"[टीआयएबी:~4]

याचा अर्थ दोन्ही शब्द कुठल्याही क्रमाने चालतील, फक्त त्यांच्यामध्ये जास्तीत जास्त 4 शब्द असावेत. ही सोय शीर्षक, शीर्षक-सारांश आणि संस्था या तीनच जागी चालते. यात स्टार चालत नाही, आपोआप भरही होत नाही, म्हणून 'स्टिंग्ज', 'स्टंग', 'एन्व्हेनोमेशन' यांच्या वेगळ्या ओळी लिहाव्या लागतात. आपल्या विषयाला याची फारशी गरज नाही. मधुमेह, रक्तदाब अशा अवाढव्य विषयांत मात्र ही सोय फार कामाला येते.

अवतरणांबद्दल आणखी एक. पबमेडच्या स्वतःच्या शब्दगटांच्या सूचीत तुमचा शब्दगट नसेल तर ते अवतरणचिन्हं दुर्लक्षून साधा शोध घेतं आणि वर तशी सूचना दाखवतं. ती सूचना न वाचल्यामुळे अनेकांना वाटतं की नेमका शब्दगटच मिळाला.

सगळं जोडून

अ‍ॅडव्हान्स्ड पानावर एकेक ओळ वेगळी चालवायची आणि शेवटी क्रमांकांनी जोडायची:

#1 स्कॉर्पिअन स्टिंग्ज[एमएच] ऑर स्कॉर्पिअन व्हेनम्स[एमएच]
#2 स्कॉर्पिअन*[टीआयएबी] ऑर टॅम्युलस[टीआयएबी]
#3 #1 ऑर #2
#4 प्राझोसिन[एमएच] ऑर प्राझोसिन[टीआयएबी]
#5 #3 अँड #4

ओळी वेगळ्या ठेवण्याचा फायदा असा की प्रत्येकीसमोर आकडा दिसतो. एखाद्या ओळीचा आकडा शून्य आला तर स्पेलिंग चुकलंय. नवा शब्द घातल्यावर आकडा हललाच नाही तर तो शब्द काढून टाका. अचानक लाखांत गेला तर कंस चुकला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आता कसोटी. तुम्हाला आधीपासून माहीत असलेले, यादीत असायलाच हवेत असे पाच-सहा लेख घ्या. इथे 1986 चं टिपण, 2011 ची चाचणी आणि एखाद्या आढाव्याच्या संदर्भयादीतले आणखी तीन-चार. पबमेडमधल्या प्रत्येक नोंदीला 'पीएमआयडी' नावाचा क्रमांक असतो. ते क्रमांक ऑरने जोडून कंसात लिहा आणि पुढे 'नॉट #5'. उत्तर शून्य आलं तर सगळे ओळखीचे लेख तुमच्या जाळ्यात आहेत. एखादा बाहेर राहिला असेल तर तो उघडा आणि का निसटला ते बघा: सारांश नाही? संज्ञा वेगळी लागली आहे? शब्दच निराळा? त्याचं उत्तर मिळालं की त्याच्यासारखे, तुम्हाला माहीत नसलेले लेखही त्याच भोकातून गेले असणार हे कळतं. ते भोक बुजवायचं. प्राण्यांचा अपवाद सोडला तर नॉट या शब्दाचा हा एकमेव निर्धोक उपयोग म्हणायला हरकत नाही.

गाळण्या लावताना

डाव्या बाजूचे फिल्टर सोयीचे दिसतात. 'ह्यूमन्स', वयोगट, लिंग हे फिल्टर मेश संज्ञांवर चालतात. ज्या लेखांना संज्ञा लागलेल्या नाहीत ते सगळे एका टिचकीत बाहेर. म्हणजे नेमके ताजे लेख जातात. 'फ्री फुल टेक्स्ट' तर पुरावा गोळा करताना लावूच नये. लेख फुकट आहे की नाही याचा तो बरोबर असण्याशी संबंध नाही. आणि एकदा लावलेला फिल्टर पुढच्या शोधालाही चिकटून राहतो. यादी अचानक रोडावली की आधी वरची 'क्लिअर ऑल' ची पट्टी दिसते का बघा.

फक्त यादृच्छिक चाचण्या (कोणाला कोणता उपचार हे नशिबावर सोडून ठरवलेल्या) हव्या असतील तर 'रॅन्डमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' हा प्रकाशनप्रकार पुरत नाही, कारण तीही एक लावलेली चिठ्ठीच. त्याच्या जोडीला सारांशात 'रॅन्डमाय' पर्यंतची अक्षरं लिहून पुढे स्टार द्या, म्हणजे 'झेड' आणि 'एस' दोन्ही स्पेलिंग येतील. शिवाय 'प्लासिबो', 'रॅन्डमली', 'ट्रायल'. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने यासाठी तयार शोधवाक्यं प्रसिद्ध केली आहेत, तीच घ्यावीत, नवं चाक घडवू नये. पण आपल्या विंचवाच्या प्रश्नाला ही गाळणी लावूच नका. #5 मध्ये येणारे लेख एका बैठकीत चाळता येतील इतकेच असतात. छोट्या विषयाला गाळणी लावून हाती काय, तर दोन मिनिटांची बचत आणि एक हरवलेली चाचणी.

ओपीडीत बसून पटकन उत्तर हवं असेल तेव्हा गोष्ट वेगळी. तेव्हा पबमेडचं 'क्लिनिकल क्वेरीज' उघडा, 'थेरपी' निवडा, 'नॅरो' ठेवा. तो वेगळा खेळ आहे. तिथे निसटलेलं परवडतं.

ठिकाणानुसार शोध

'महाराष्ट्रातले लेख' हवे असतील तर तीन जागी शोधावं लागतं: 'इंडिया' ही मेश संज्ञा, शीर्षक-सारांशातली गावांची नावं, आणि लेखकाची संस्था, जिची खूण 'एडी'. संस्थेवर भिस्त ठेवू नका. 1988 पूर्वीच्या नोंदींत ती नसते, आणि 2014 च्या आसपासपर्यंत फक्त पहिल्या लेखकाची असे. पहिला लेखक दिल्लीचा आणि रुग्ण चिपळूणचे असतील तर ते जुने लेख या वाटेनं मिळत नाहीत.

गावांची नावंही विंचवासारखीच बिऱ्हाड हलवतात. मुंबई 1995 पर्यंत 'बॉम्बे', पुणे जुन्या लेखांत 'पूना', रायगड जिल्हा 1981 पूर्वी 'कुलाबा', आणि नंतरही कुठे 'रायगड' तर कुठे 'रायगढ' असं इंग्रजी स्पेलिंग. सगळी रूपं ऑरने जोडा.

पबमेडच्या बाहेर

विंचूदंश हा ब्राझील आणि मेक्सिकोचाही मोठा प्रश्न आहे, आणि तिथलं पुष्कळ लेखन स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये आहे. त्यासाठी 'लिलाक्स' हा लॅटिन अमेरिकेचा मोफत डेटाबेस पाहावा. तिथे 'एस्कॉर्पिऑन' बरोबर मेक्सिकोत रूढ असलेला 'आलाक्रान' हा शब्दही टाका. एल्सव्हिअरचा 'एम्बेस' औषधांच्या बाबतीत आणि परिषदांमधल्या सारांशांसाठी भक्कम आहे, पण पैसे भरावे लागतात. त्याचा संज्ञाकोश वेगळा, 'एमट्री' नावाचा, त्यामुळे पबमेडचं शोधवाक्य तिथे तसंच चिकटवलं तर चालत नाही. शब्द तेच ठेवून संज्ञा आणि खुणा बदलाव्या लागतात. चालू किंवा अजून न छापलेल्या भारतीय चाचण्या 'सीटीआरआय' या नोंदवहीत मिळतात. 2007 साली ती सुरू झाली आणि 15 जून 2009 पासून चाचण्यांची नोंद तिथे सक्तीची झाली.

गुगल स्कॉलर जोडीला ठेवा, मुख्य साधन म्हणून नको. ते पूर्ण लेखात शोधतं, म्हणून पबमेडला न दिसणारं कधीकधी दाखवतं. पण पहिल्या 1000 निकालांपलीकडे जाता येत नाही, आणि आज मिळालेली यादी उद्या तशीच मिळेल याची खात्री नाही. चॅटबॉटकडून शोधवाक्य बनवून घेत असाल तर त्यातली प्रत्येक मेश संज्ञा कोशात खरोखर आहे का ते पाहा. कानाला बरोबर वाटणाऱ्या पण अस्तित्वात नसलेल्या संज्ञा त्यात बिनदिक्कत येतात. त्याने दिलेला लेखाचा संदर्भ तर पबमेडमध्ये शीर्षक टाकून सापडल्याशिवाय वापरूच नये.

जपून ठेवणं

पबमेडमधला शोधांचा इतिहास 8 तास काही हालचाल झाली नाही की पुसला जातो. निवडलेले लेख ठेवायचा 'क्लिपबोर्ड'ही तसाच, आणि त्यात 500 पेक्षा जास्त नोंदी मावत नाहीत. दुपारी सोडलेलं काम दुसऱ्या दिवशी सकाळी मिळत नाही. म्हणून 'माय एनसीबीआय' चं मोफत खातं उघडून शोध जतन करा. आणि प्रबंधासाठी एका साध्या फायलीत प्रत्येक ओळ, तिचा आकडा, डेटाबेसचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. '#3 अँड #4' असं लिहून ठेवलंत तर सहा महिन्यांनी त्याला काहीच अर्थ उरत नाही. पूर्ण वाक्यच उतरवायला हवं.

खात्यात 'क्रिएट अलर्ट' लावलं की नवे लेख आठवड्याला किंवा महिन्याला ईमेलवर येतात. प्रबंध सादर करण्याआधी शोध पुन्हा चालवून फक्त मधल्या काळातले लेख काढायचे असतील, तर छपाईच्या तारखेची खूण 'डीपी' वापरू नका. जुनं नियतकालिक उशिरा पबमेडमध्ये आलं तर त्याची छपाईची तारीख मागचीच असते आणि ते लेख चाळणीतून खाली राहतात. त्याऐवजी नोंद पबमेडमध्ये कधी तयार झाली ती तारीख घ्या, तिची खूण 'सीआरडीटी', आणि मागच्या शोधाच्या दोन-तीन दिवस आधीपासून सुरुवात करा. थोडे लेख दुबार येतील, ते काढायला दोन मिनिटं पुरतात.